ठणका पार्टीचा ठेका

यादोरावच्या घरात डफ वाजत नव्हता. भंडाऱ्याकडच्या लाखनीमागच्या त्या गावात मयतीला, दवंडीला, दुसऱ्यांच्या वरातीपुढे डफ वाजवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या याच घराकडे होतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर बापाने आधी डफाचं कातडं विळ्याने फाडलं. लाकडी कडं चांगलं होतं, ते आईने पाण्याच्या घागरीखाली ठेवलं. या घरातला हात पुन्हा कातड्यावर पडणार नाही, असं बाप म्हणाला आणि तो विषय संपला.

पण यादोच्या हातांना हे कोणी समजावलं नव्हतं. तो मोठा होत गेला तसे हातही वाढले आणि ताटावर, खाटेवर, बंडीच्या चाकावर वाजत राहिले. शेवटी त्याने तेलाचा एक रिकामा पिपा पैदा केला आणि पळसाच्या दोन काड्या घेऊन अंगणात बसला. बाप दारात येऊन उभा राहिला. यादोने मान वर न करताच सांगितलं, की हे कातडं नाही, टिन आहे.

बापाने वाकून पिपा निरखला. मग म्हणाला, "मंग जोरानं वाजव."

ठणका पार्टी अशी सुरू झाली. पुढे केशव आला. तो यादोच्याच वस्तीतला, लाखनीच्या शाळेतून मॅट्रिक झालेला आणि नोकरी नसलेला. टिकाराम हा शेतकऱ्याचा मुलगा, भजनी मंडळाने टाकून दिलेली पेटी घेऊन आला. त्या पेटीचा भाता फुटका होता, त्यामुळे सुरांपेक्षा धापच जास्त ऐकू येई. नाव केशवने ठेवलं. गळू पिकलं की जो ठणकतो, तो ठणका.

केशव गात नव्हता, बोंबलत होता. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरे, तिथे दंडारीच्या नाटकांचे फड रंगत. दोन फडांच्या मधल्या वेळात ही तीन पोरं घुसायची आणि पिपा फुटेस्तोवर वाजवायची. मालकाच्या धानावर आणि मजुराच्या वाट्याच्या पेंढ्यावर रचलेलं त्यांचं एक गाणं सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. "धान तुमचा, तणस आमची, पेटली तं मंग बोंबलू नोका." या 'बोंबलू'वर केशवचं तोंड इतकं उघडायचं की पहिल्या रांगेतल्यांना त्याची पडजीभ दिसायची. गाणं इतकं जलद होतं की ऐकणाऱ्याला धड श्वास घेता येत नसे. म्हातारे उठून जायचे, पोरं नाचायची. एका गावात गोटे पडले. दुसऱ्या गावात लोकांनी तेच गाणं इतक्या वेळा म्हणायला लावलं की केशवचा आवाज बसला आणि शेवटचं कडवं अख्ख्या मंडईने म्हटलं. त्या गर्दीत मंगलाही होती. पुढे ती यादोची बायको झाली.

मग केशवला भिलाईच्या कारखान्यात नोकरी लागली. टिकारामच्या बापाने नांगर त्याच्या हाती दिला. भांडण नाही, निरोप नाही, पार्टी अशीच थांबली. यादो लाखनीच्या एका राईस मिलमध्ये लागला आणि यादोराव झाला.

मिलमध्ये पट्टे फिरत, धान सोलणारा हलर गरजे, कोंड्याच्या धुरळ्यात माणसं हाताच्या खुणांनी बोलत. यादोरावला ते बरं वाटे. एवढ्या आवाजात त्याच्या डोक्यातलं गाणं कोणाला ऐकू जात नसे. केशवचा आवाज, खाली पिपा, मागे पेटीची धाप, सगळं जसंच्या तसं. पोती लावताना तो त्याच ठेक्यावर पावलं टाकायचा.

बाहेरचे आवाज मात्र हळूहळू कमी होत गेले. आधी पाखरं गेली, मग बायकोचं हळू बोलणं. भंडाऱ्याच्या डॉक्टरने कानाची नस सुकल्याचं सांगितलं. उजवा कान गेलाच आहे, डावाही जाईल, औषध नाही. यादोराव घरी आला आणि मंगलाबाईला एकच गोष्ट म्हणाला. डावा जायच्या आधी केशवचं ते गाणं एकदा ऐकायचं आहे.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात केशव पुतणीच्या लग्नाला गावी आला. पँट-शर्ट, चष्मा, थोडं पोट. लग्नातल्या मंगलाष्टकांसारखं काहीतरी तो माइकवर गायला आणि लोकांनी मान डोलावली. यादोरावने त्याला मांडवाबाहेर गाठलं आणि ते जुनं गाणं मागितलं.

केशव हसला. त्याने यादोरावच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "मी आता गातो बे यादो. कॉलनीत कार्यक्रम असतात माहे. ते तं पोरपण होतं."

"मले तेच पायजे."

केशव इकडेतिकडे पाहू लागला. लग्नातली माणसं होती, नवे व्याही होते. तेव्हा पत्रावळी उचलता उचलता मंगलाबाई म्हणाली, "भाऊजी, याईले ऐकू येत नाही अन् तुमाले गायाची लाज वाटते. जोडी तं चांगली जमली."

केशव वरमला. उद्या करू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मिल बंद होती. यादोरावने तीच जागा ठरवली, कारण तिथे शांत असेल. टिकाराम पेटी घेऊन आला. भात्यात उंदरांनी पिल्लं घातली होती, त्यांचा सूर केशवपेक्षा बरा होता, असं तो सांगत राहिला. तिघं पोत्यांवर बसले. केशव यादोरावच्या डाव्या अंगाला. यादोरावने पिपा मांड्यांत धरला आणि काड्या पाडल्या, त्याच जुन्या वेगाने.

डाव्या कानात भिंतीपलीकडून यावा तसा आवाज आला. बाकीचं तो केशवच्या ओठांवरून वाचत होता. ओठ मागे पडत होते. काडी पुढच्या ओळीवर पोचे तेव्हा केशव आधीचीच ओळ लांबवत असे. त्याने डोळे मिटले होते, एक हात हवेत अलगद फिरत होता. 'बोंबलू' आलं तेव्हा तोंड बोटभरही उघडलं नाही. टिकाराम मान डोलावत होता, त्याचे डोळे भरले होते. म्हणजे चांगलंच गात असणार.

यादोराव थोडा वेळ एकटाच धावला. मग त्याने ठेका हळू केला. आयुष्यात पहिल्यांदा. गाणं आणि पिपा एकत्र आले आणि तिघांनी ते नीट शेवटापर्यंत नेलं.

"कसं झालं बे?" केशवने विचारलं.

"तसंच," यादोराव म्हणाला. "काही बदललं नाही."

केशवने त्याच्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

सोमवारी मिल सुरू झाली. यादोरावने पोतं उचललं आणि पाऊल टाकायला आतलं गाणं शोधलं. मिटलेल्या डोळ्यांचा, चष्म्याचा केशव आला, हळू, गोड. त्याला बाजूला सारून त्याने मागचा केशव हाकारला, मंडईतला. तोंड उघडं दिसलं, पडजीभ दिसली, पण आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. पावसाळ्यात डावा कान गेला, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही.

एक दिवस त्याने घरी पिपा उपडा करायला घेतला. मंगलाबाई त्यात तांदूळ ठेवत असे, ते तिने सुपात ओतून घेतले. त्याने वाजवून पाहिलं, थांबला, पुन्हा वाजवलं. मग तिला म्हणाला, "तू ऐकलं होतं ना मंडईत. केवढ्यानं होतं ते, सांग."

ती त्याच्याजवळ बसली. तिने डोळे मिटले. मग त्याच्या गुडघ्यावर बोटं वाजवू लागली, जलद, मग आणखी जलद. बोललेलं त्याला ऐकू येणार नव्हतं. तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. ठेका जोरात होता, चांगला होता. तो तोच होता की नाही, हे ताडून पाहायला आता त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

त्याने मान हलवली, हो म्हणून. ती वाजवत राहिली.