कोंडाआजीची पहिली धार

माझ्या जन्माला दारू लागली, असं सांगितलं की शहाणी माणसं भुवया चढवतात. चढवू देत. ती दारू कोंडाआजीची होती आणि तिच्याबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेत नाही.

वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत ती मोहाच्या फुलांची दारू गाळायची. नवरा नाही, शेत नाही; पोट त्यावरच. पण नाव असं, की "कोंडाबायची म्हंजी पहिल्या धारेची, लई कडक," असं सगळे पुरुष छातीठोक सांगायचे.

त्रेचाळीस साल. लढाईमुळे पेट्रोल मोजून मिळे. माझी आई ठकुबाई दोन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले, तेव्हा बापानं तिला सर्व्हिस मोटारीत घातलं आणि भोरच्या दवाखान्याची वाट धरली. मोटार वाडीबाहेरच बंद पडली. टाकीत जेमतेम तळ ओला.

ड्रायव्हर रखमाजी म्हणाला, "कडक दारू मिसळली तर नसरापूर गाठंल. तिथं पेट्रोल मिळंल."

आजीचं रोजचं गिऱ्हाईक सोनबा पळत जाऊन तिचा विकायचा घडाच घेऊन आला. मागून आजी आली. सगळी वाडी जमलेली. रखमाजीनं घडा टाकीला लावला.

"थांब," आजी म्हणाली. "त्यात पानी हाय."

सोनबा हसला. "चेष्टा नगं, कोंडाबाय."

"चेष्टा न्हाई. निम्मं पानी. वीस वरसं घालतीया, तुमी घरी जाऊन बायकांवर हात उगारू नये म्हनून."

रखमाजीनं घडा खाली ठेवला. आजीनं घरून सहा बाटल्या आणल्या, मुका मार चोळायला राखलेली खरी पहिली धार. रखमाजीनं पारखायला तिच्यात चिंधी भिजवून पेटवली. निळी ज्योत उठली, तशा बाटल्या टाकीत ओतल्या. मोटार खोकली, शिंकली आणि एकदाची निघाली. संध्याकाळी भोरला मी जन्मलो. आई वाचली, हे मी आजही आधी सांगतो.

आजीकडे मात्र दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिनं भट्टी विझवली आणि नुसती बसून राहिली. धंदा संपला, असंच तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सोनबाची बायको बयाबाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली.

"आत्ये, ह्येला दे," ती म्हणाली. "पानी तेवढंच घाल."

सोनबानं मान खाली घालून पेला रिकामा केला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाला, "लई कडक."