कुंकू लावलेला माऊस

झेंडूचा वास आला की मंचरच्या घरातला एक दसरा आठवतो. सकाळीच आईनं नांगर, विळे आणि माझा कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा केली होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचं होतं आणि आदल्या रात्री टाकलेल्या लिनक्सवर वायरलेस माऊस काही हलेना. विंडोजवर तो नीट चालायचा, म्हणून दुपारभर मी लिनक्सला शिव्या देत कमांड टाइप करत राहिलो. शेवटी वैतागून माऊस उलटा केला आणि हबकलोच. जिथून लाल उजेड यायचा, ते भोक ओल्या कुंकवानं गच्च लिंपलेलं होतं. आई दारातूनच म्हणाली, “मीच डोळा झाकला त्याचा. आज नांगरसुदा निजलाय, आन् तू याला राबवतो व्हय?” हल्ली दसऱ्याला माऊसला कुंकू मीच लावतो, पोटाकडून.