सासूसमोर ती काय सांगेल?

बायांनो, आज सकाळपासून माहं मन लागून नाही राहिलं.

माही पोरगी दीड महिन्याची बाळंतीण. बाळ रडते अन् ही भिंतीकडे पाहत राहते. आज बाळाच्या लशीच्या सुईसाठी इथं रायपुरात सरकारी दवाखान्यात गेलो, सोबत तिची सासू. नर्स दीदीनं रांगेतच पोरीले विचारलं, "रोना आता है? नींद आती है?"

सासू म्हणे, "हमारे घर में काहे का रोना?"

पोरीनं माह्याकडे पाहिलं. रांगेतल्या साऱ्या बाया ऐकून राहिल्या होत्या. मीच बोलली, "हव दीदी, सब ठीक है." दीदीनं तसंच लिहिलं.

मी चौबे कॉलोनीत ज्यांच्या घरी पोळ्या करते, त्यांची सूनही बाळंतपणानंतर अशीच झाली होती. डॉक्टरीण घरी आली, सासूले खोलीबाहेर काढून दरवाजा लावला अन् तासभर तिचं ऐकलं. आता ती बाळाले खेळवते.

सासूसोबत परत जाताना माही पोरगी कानात म्हणाली, "आई, मी आज सांगणार होती."

रायपुरात कोणत्या सरकारी दवाखान्यात बाईले एकटीले आत बसवून विचारतात? ठाऊक असेल तर सांगा. तिले उद्याच नेते. या वेळी मीही बाहेर बसीन.