भिंतीवरची माशी

इशबेल गॉल्डला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. चौदाव्या वर्षी ती बापाशेजारी बसून सॅमन मासा गळाला लागावा म्हणून गळावर पिसांच्या खोट्या माश्या बांधायला शिकली. आता एकसष्टाव्या वर्षी चहा पितानाही तिची बोटं नसलेला दोरा वळत असायची. लाल, पिवळ्या, निळ्या पिसांचे तंतू एकमेकांत जुळवून पंख करायचा. डाव्या बाजूचं पीस डाव्या पंखात, उजवं उजव्यात. "माझी माशी पाण्यात तुटली असं सांगणारा अजून जन्मायचाय," हे ती डी नदीच्या काठी वाटेल त्याला ऐकवायची. समोरच्याने विचारलेलं नसलं तरी.

तीस सप्टेंबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, डॉड एसलमंट निवृत्त होणार होता. चाळीस वर्षं तो नदीवर गिली होता. पाहुण्यांना मासा कुठे दडलाय ते दाखवायचं, हे त्याचं काम. त्याच्यासाठी इशबेलने जुन्या पद्धतीची माशी बांधून काचेच्या चौकटीत बसवून दिली. जुन्या माशीच्या गळाला दोरी बांधायला धातूचं नेढं नसतं, रेशीमकिड्याच्या आतड्याचा फास असतो. तो तिने बापाच्या डब्यातला घेतला. एरवी ती प्रत्येक फास भिजवून, ओढून बघायची. हा बघितला नाही. भिंतीवरच्या माशीला कोण ओढणार?

दुपारी डॉडची बायको नेटा दारात आली.

"ऐकलंस? आमच्या म्हाताऱ्याने काच काढली न् माशी घेऊन गेला नदीवर! मलाच म्हणतो, भिंतीवर टांगायला ती काय तुझी आई आहे?"

इशबेलने कप खाली ठेवला, तो बशीत न बसता टेबलावर कलंडला. तिने मागे वळून पाहिलंही नाही.

सायकल हाणत ती नदीकडे निघाली. तीस वर्षांपूर्वीचं आतडं, वाळून काडी झालेलं. आज मासा न लागो, एवढंच ती मनात घोकत होती. उभा जन्म मासे लागावेत म्हणून घालवलेली बाई!

नदीवर पोचली तर मासा लागलेला, डॉडची गळाची काठी कमानीसारखी वाकलेली. काठावर दोन तरणे गिली टक लावून बघत उभे.

"डॉड, जोर लावू नकोस!"

"मला शिकवतेस होय गं? गप उभी राहा!"

तेवढ्यात काठी सरळ झाली. पाणी एकदा ढवळलं आणि वाहत राहिलं.

डॉडने दोरी गुंडाळली. कुणाकडे न बघता म्हणाला, "गाठ सुटली. चाळीस वर्षांत सुटली नव्हती. बोटंच गेली म्हणायची. बरोबर वेळेला घरी बसवताहेत मला."

तरणे गिली बुटांकडे बघू लागले. इशबेलने दोरीचं लोंबतं टोक हातात घेऊन बघितलं. गाठ घट्ट होती, आणि गाठीत फासाचा तपकिरी तुकडा. डॉडला चष्म्याविना तो दिसला नसता. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिला भयंकर लाज वाटत होती.

"तुझी गाठ जागच्या जागी आहे," ती मोठ्याने म्हणाली, त्या दोघांनाही ऐकू जाईल अशी. "माझी माशी तुटली. फास मी ओढून बघितलाच नव्हता."

डॉडने तुकडा नखाखाली दाबला. त्याचा भुगा झाला.

"तुझ्या बापाच्या डब्यातलं?"

"हो."

"बया! अन् मला वाटलं मी संपलो." त्याने नाक पुसलं. "उजेड आहे अजून. आहे का दुसरी?"

स्वेटरला टोचलेली, धातूच्या नेढ्याची एक माशी तिने काढली. सगळ्यांदेखत तीनदा करकचून ओढली आणि मग त्याच्या तळहातावर ठेवली.

"बांधून दे," तो म्हणाला. "माझी बोटं थरथरताहेत."

"थरथरू देत. गाठ तूच बांधायची," इशबेल म्हणाली, आणि हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.