तळाशी चिकटलेली चव

ओहायो नदीकाठच्या ब्रेनर्सफोर्ड गावात म्हाताऱ्या माणसांपैकी निम्म्यांच्या तोंडात लोवेल हार्ट्झलरच्या हातचे दात होते. जन्मभर त्याने कवळ्या बनवल्या. दाताचा पांढरा रंग एक नसतो, त्यात पिवळट, निळसर, राखाडी अशा किती झाका असतात हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. काम सोडल्यावर हे हात रिकामे बसेनात. मग त्याला जुन्या सोडा फाउंटनांचा नाद लागला. एके काळी औषधांच्या दुकानांतून सोड्याचे काउंटर असायचे आणि काउंटरवर सरबताची चिनी मातीची मोठाली भांडी. कुठलं लिंबाच्या आकाराचं, कुठलं पिंपाच्या. अशी फुटकी भांडी लोवेल लिलावांतून उचलून आणायचा, टवके भरायचा, झिलई जुळवायचा. जोड कुठे आहे ते त्याच्या बायकोला, नेड्राला बोट फिरवूनही सापडत नसे.

चौऱ्याऐंशी सालच्या शरदात एका शेतघराच्या लिलावात त्याला एक भांडं मिळालं, आणि त्याने लोवेलला पार बेजार केलं. दिसायला ते खांबासारखं होतं. खालपासून वरपर्यंत उभ्या पन्हळी, फिकट हिरवा रंग, मधोमध पट्टी आवळल्यासारखी खाच. पुढे पितळी तोटी. झाकण गायब. नाव घासून गेलेलं, त्यातला शेवटचा ‘टॉनिक’ एवढाच शब्द शिल्लक. आणि आत, तळाशी, डांबरासारखा काळा थर.

दुसरा कुणी असता तर त्याने आधी गरम पाण्याने तो थर धुऊन काढला असता. लोवेलने सुरीच्या टोकाने त्यातला थोडासा खरवडला, कोमट पाण्यात भिजत घातला आणि तासाभराने जिभेच्या टोकाला लावला.

“शी! लोवेल!” नेड्रा ओरडली. “कुणाच्या आजोबांच्या वेळची घाण ती!”

“कडू आहे. पण नुसती कडू नाही गं. मागून काहीतरी येतंय. ओळखीचं आहे, पण नाव आठवत नाहीये.”

“मरशील तेव्हा आठवेल.”

रविवारी त्याने ते पाणी बाटलीत भरून जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या मित्रांच्या बैठकीला नेलं. एक म्हणाला झाडाच्या मुळांचं सरबत, रूट बिअर; दुसरा म्हणाला खोकल्याचं औषध. व्हर्नन टेग नावाच्या जाड्या गृहस्थाने वास घेऊन बाटली लांब धरली. “अरे, हे घोड्याला पाजत असतील! ऐक माझं. पुढे छान सोनेरी अक्षरांत ‘चेरी’ लिही, वर गोल झाकण बसव. उद्या गिऱ्हाईक उभं राहील.”

“पण ते चेरीचं नव्हतं ना.”

“मग कशाचं होतं?”

“तेच तर विचारतोय!”

सगळे हसले, पण लोवेलचं डोकं तिथेच अडकलं. झाकण कसं करायचं तेच कळत नव्हतं. खांब म्हणावा तर खांबाला हिरवा रंग कशाला?

अशात मिसेस ओटिली ब्रांट यांचा निरोप आला. पंच्याऐंशी वर्षांच्या या बाई चर्चमागच्या वृद्धाश्रमात राहायच्या. त्यांची कवळी हिरडीला टोचत होती आणि नव्या डॉक्टरला हात लावू द्यायला त्या तयार नव्हत्या. लोवेल कानस घेऊन गेला. कवळी घासता घासता त्याने सहज विचारलं, “मिसेस ब्रांट, तुम्ही लहानपणी इथेच होतात ना? एक वास घेता का?”

बोळक्या तोंडाने त्यांनी बाटली हुंगली. मग डोळे मिटून पुन्हा हुंगली. आणि अशा खदखदून हसल्या की शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली.

“सेलरी रे! सेलरीचा सोडा! कुठे सापडला तुला हा राक्षस?”

लोवेलच्या हातातली कानस थांबली. उभ्या पन्हळी म्हणजे त्या भाजीचे दांडे! मधली खाच म्हणजे जुडी बांधल्याची दोरी! “मग भांड्याचं झाकण...”

“पानं. वर पानांचा झुबका होता. दे माझे दात इकडे, मला नीट बोलू दे.”

“आणि नाव काय होतं त्याचं?”

“ते नाही बाबा आठवत. आम्ही ‘हिरवी म्हातारी’ म्हणायचो.”

लोवेल घरी गेला तो तडक कामाला लागला. बाजारातून सेलरीची जुडी आणून समोर ठेवली आणि बघून बघून मातीची पानं वळली. हिवाळा त्यातच गेला. दोनदा पानं भट्टीत तडकली. झिलईचा हिरवा जुळायला तर त्याहून वेळ लागला, कारण हिरव्या रंगाचे दात त्याने कधी केले नव्हते. घासलेलं नाव मात्र त्याने तसंच ठेवलं. एकीकडे सेलरीचं बी, साखर आणि लिंबू घेऊन स्वयंपाकघरात प्रयोग चालू होते. पहिला पाक नेड्राने पातेल्यासकट अंगणात नेऊन ठेवला.

मार्चमध्ये तो भांडं घेऊन आश्रमात गेला. जेवणघरात सगळे जमले. सोड्यात सरबत मिसळून त्याने पहिला ग्लास मिसेस ब्रांटपुढे ठेवला. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“जमलं नाही का?” लोवेलने घाबरत विचारलं.

“जमलंय की. पण आमचा याहून वाईट होता.”

“वाईट होता तर तुम्ही पीत का होता?”

“चवीसाठी कोण पीत होतं!” म्हातारी म्हणाली. “काउंटरमागे एमेट नावाचा पोरगा असायचा. चेरीचं सरबत भसाभस यायचं, की लगेच दुसरं गिऱ्हाईक. हे मेलं घट्ट, तोटीतून तार धरून उतरायचं. तोपर्यंत त्याला माझ्यासमोर उभं राहावं लागायचं. सबंध उन्हाळा प्यायले मी हे.”

“मग?”

“मग काय, त्याला वाटलं मला सेलरी आवडते! लग्नात अहेर म्हणून टोपलीभर सेलरी पाठवली त्याने.”

“तुमच्या लग्नात? म्हणजे लग्न दुसऱ्याशी?”

“ब्रांटशी. त्याला गप्पा मारता यायच्या.” असं म्हणून त्यांनी ग्लास पुढे सरकवला. “अजून थोडं घाल. हळूच येऊ दे.”

लोवेलने भांडं तिथेच राहू दिलं. दर गुरुवारी तो ताजा पाक घेऊन जातो. पिणारे मोजकेच आहेत, आणि पिणारा प्रत्येक जण तोंड वाकडं करतो. तरी एखादा दुसऱ्यांदा ग्लास पुढे करतो, तेव्हा लोवेल खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतो आणि विचारतो, “का हो, तुम्ही का पिताय?”