दुपारचं दार

वयनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावंतवाडीच्या बाजारात होते. दुपारची वेळ होती, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की आता आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी दारात कोण उभं राहणार? महिना झाला त्याला. माणूस गेल्यावर काय काय वेडं सुचतं, देव जाणे.

वयनी म्हणजे माझी भावजय. भाऊ लवकर गेला, मग घरात आम्ही दोघीच. मी शाळेत शिकवणारी, ती बंदरावर मासे विकणारी. पाटी रिकामी करून घरी यायची, आंघोळ करून दत्ताच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावायची आणि पान वाढून दारात उभी राहायची. दत्तमहाराज दुपारी भिक्षेला निघतात, कुठल्या रूपात येतील नेम नाही, ही तिची श्रद्धा. त्यापायी कुरियरवाला, मीटर बघायला आलेला, रस्ता चुकलेले पर्यटक... सगळे आमच्याकडे जेवून गेले. कोणीच नाही आलं तर कुत्रं होतंच. आधी त्यांचं, मग तिचं. "गुरू दारात येवन उपाशी गेलो तर माका शिकवतलो कोण?" म्हणायची. ऊन पेंगायचं, माडांच्या सावल्या अंगणात हलायच्या, आणि तिच्याकडे बघता बघता मी जागी आहे की झोपेत, हेच मला कळेनासं व्हायचं.

काळजी मात्र वाटायची. तिला साखरेचा आजार, जेवण वेळेवर हवं. "तुझो दत्त गोळी घेवन येतलो काय?" मी चिडायचे. ती हसायची, पण जागची हलायची नाही.

शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा दारात मला उभं करायची. एका दुपारी तिनं हळूच विचारलं, "खरा सांग गो, इतक्या वर्षांत एकदा तरी इलो काय तो?" हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तिच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, "नाय गो वयनी. माका तरी नाय दिसलो."

"बरा झाला," ती म्हणाली. "इलो असतो तर मगे उद्या मी कोणाची वाट बघतलंय?" आणि मी दिलेली पेज निमूट प्याली...

परवा दुपारी मी दार लावून घेतलं, म्हटलं आता कशाला. पानावर बसले, तर घास उतरेना. उठले आणि दार उघडलं. मी दत्ताची वाट बघत नाही, तेवढी माझी भक्ती नाही. वयनीची बघते.