सखूवैनीच्या हॉटेलातले रविवार

मंठ्यातलं सखूवैनीचं हॉटेल मी चालवलं, हे मी छाती काढून सांगतो. म्हणजे चूल वैनीची, पीठ वैनीचं, धपाटे थापणारे हातही वैनीचेच. मी फक्त खायचं काम केलं. पण बराबर केलं! दर रविवारी तीच टाळकी एका सतरंजीवर बसली की किस्से साचतात, जिनिंगात सरकी साचती तसे. उचलायला कोणी येत न्हाई, म्हणून मीच उचलून राह्यलो.

*

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. नामदेव माझ्यासंगं जिनिंगात कामाला, बुद्धवाड्यातला. सखूवैनी त्याची बायको. आमच्या गल्लीतलं एक जुनं हॉटेल बंद पडलं आणि ती जागा या दोघांनी घेतली. त्या हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. बुद्धवाड्यातल्या माणसांचे कप तिथं वेगळे ठेवलेले असायचे. बाहेर उभ्यानं चहा प्यायचा, कप आपल्या हातानं धुवायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. नामदेव लहानपणापासून तिथंच प्यायचा. आता आतल्या गल्ल्यावर तो बसणार होता. जागामालकानं मात्र बजावलं होतं, दिवाळीपर्यंत गल्ली खायला आली तर ठीक, न्हाईतर जागा खाली करा.

रंगाचं काम मी घेतलं. चुन्यात चिमूटभर नीळ टाकायची असती, माझ्या हातून डबीच उलटी झाली. भिंती निळ्याभोर! नामदेवनं कपाळाला हात लावला. वैनी म्हणाल्या, "राहू द्या, आपलाच रंग हाय."

मी म्हणलं, मंग तो कोनाडा तरी लिंपून टाकतो.

"तोबी राहू द्या. कामाला येईल."

*

पहिल्या रविवारी आम्ही तिघं गेल्तो. मी, रसूलभाई टेलर आणि कुलकर्णी मास्तर. वेळ दहाची, म्हणजे न्याहारी उलटलेली आणि जेवण लांब. अंगात धुतलेले शर्ट, डोक्याला तेल, पोरगी पाहायला निघाल्यावानी. अर्धी गल्ली समोरच्या ओट्यावर उभी राहून बघत होती, पुराच्या पाण्यात कोणी पहिली जीप घालावी तशी. एकानं तिकडूनच विचारलं, मास्तर, काही होऊन राह्यलं का? मास्तरांचं तोंड धपाट्यानं भरलेलं, त्यांनी नुसता हात हलवला.

घरी त्यांच्या आईनं फर्मान काढलं, तिथं खाल्लं तर अंघोळ केल्याबिगर आत यायचं न्हाई. झालं, मास्तर दर रविवारी दोन अंघोळी करायला लागले. आणि सोमवारी वर्गात पोरांना सांगायचे, स्वच्छतेची सवय लावून घ्या!

*

पुढचे रविवारही आम्हीच तिघं. मळलेलं पीठ उरायचं, वैनी ते झाकून ठेवायच्या. मंग मी डोकं चालवलं. बाकं अजून यायची होती, लोक चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचे. मी आणि रसूलभाईनं आपापल्या घरातल्या सगळ्या जुन्या चपला आणून दारापुढं मांडल्या. बघणाऱ्याला वाटावं, आत पंगत बसली!

वडीगोद्रीचे दोन व्यापारी गर्दी बघून जल्दी जल्दी आत शिरले. आत आम्ही तिघं. एकानं विचारलं, बाकीची मंडळी कुठंय?

वैनींनी तव्यावरची नजर उचलली न्हाई. "इतकं खाल्लं, की चपला विसरून गेले."

दोघांनी धपाट्यांवर धपाटे मागितले. जाताना एकजण माझीच चपल घालून गेला. तीबी नवी!

*

मला खोडी काढल्याशिवाय घास उतरत न्हाई. दर रविवारी म्हणायचो, वैनी, ठेच्यात दम न्हाई. एका रविवारी त्यांनी माझ्यापुरता वेगळा ठेचा वाटला. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला रसूलभाई दोन दोन दिसायला लागले. तरी मी म्हणलं, मीठ कमी हाय.

"भाऊजी, डोळ्यातलं पडून राह्यलं की ताटात. पुरंल."

*

पण खरं घोडं अण्णांपाशी अडलं होतं. अण्णा म्हणजे समोरचे कापडवाले, गल्लीत सगळ्यात वडीलधारे. ते चढल्याबिगर गल्ली पायरी चढणार न्हाई, हे नामदेवलाही माहीत आणि जागामालकालाही. दर रविवारी धपाट्याचा वास त्यांच्या गादीपर्यंत जायचा. अण्णा कापड फाडता फाडता थांबायचे, आमच्याकडं बघायचे, परत फाडायला लागायचे.

दिवाळी दोन आठवड्यांवर आली तेव्हा अण्णा उठले. रस्ता ओलांडला, पायरी चढले. नामदेव गल्ल्यावरून उभाच राह्यला. अण्णा सतरंजीवर टेकले आणि उपरण्याखालून त्यांनी कप काढला. घरचा. सोनेरी काठाचा.

आम्ही तिघं ताटात बघायला लागलो. वैनींनी त्याच कपात चहा ओतला, पुढ्यात धपाटे आणि दही ठेवलं. अण्णांनी एक खाल्लं, मंग दुसरं मागितलं, मंग तिसरं. तोवर दारात खऱ्या चपला पडायला लागल्या होत्या. गल्ली आत येऊन राह्यली होती, मास्तरांची आईसुद्धा!

अण्णांनी बोटं चाटली, कप वैनींच्या पुढं सरकवला आणि म्हणाले, "सखू, पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन येतो. हा कप इथंच ठेव, माझा वेगळा."

"ठेवा की अण्णा. वेगळ्या कपाची जागा बाहेर हाय, त्या कोनाड्यात. धुऊन ठेवा, आपल्या हातानं."